डाव्या गालाची नक्कल

"साधी चूळ भरता येत नाही मेली. भरली की डावीकडून पळून जाते."

मी धुतलेले टॉवेल घेऊन बाथरूमच्या दाराशी उभी होते. माझा नवरा हेमचंद्र हे आरशाला सांगत होता, मला नाही. मला सांगायची वेळ आली की तो म्हणतो, "ठीक आहे गं." म्हणून टॉवेल तिथेच ठेवले आणि पाय न वाजवता स्वयंपाकघरात गेले.

गेल्या वर्षी त्याच्या कानाखालची गाठ काढली. गाठ साधी निघाली, आम्ही पेढे वाटले, आणि मग कळलं की गाठीबरोबर चेहऱ्याची नसही गेली. डावा गाल उतरला, ओठाचा कोपरा खाली आला, पापणी पुरती मिटेना. "होईल हळूहळू," सगळे म्हणाले. मीही म्हणाले. या ऑगस्टमध्ये सर्जननी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, की जेवढं यायचं तेवढं आलं, आता वाट बघू नका. येताना आम्ही पूर्ण रस्ताभर वेस्ट गेट पुलावरच्या ट्रॅफिकबद्दल बोललो. घरी लेकीनं, स्पृहानं, विचारलं, "सो, व्हॉट डिड ही से?"

"बघू म्हणाले," हेमचंद्र म्हणाला.

आमच्या घरात 'बघू' म्हणजे जवळजवळ हो. बारा वर्षांत ती एवढं मराठी नक्की शिकली आहे. ती खूश झाली, आणि आम्ही तिला होऊ दिलं.

तेव्हापासून हेमचंद्र क्लेटनच्या युनिव्हर्सिटीतले तास घरूनच घेतो, कॅमेरा बंद ठेवून. पुढच्या वर्षी वर्गात येणार का, असं विभागानं दोनदा विचारलंय. तो उत्तर देत नाही. दुकानात जात नाही, कचऱ्याचा डबासुद्धा अंधार पडल्यावर बाहेर काढतो. आणि मी? माझ्या बोलण्यातून एक वाक्य गळलं. ताटात कारलं पाहून स्पृहानं चेहरा केला की पूर्वी मी म्हणायचे, "तोंड वाकडं करू नकोस." आता म्हणते, "असं करू नकोस." कसं, ते सांगत नाही.

यंदा हॅलोविन नेमकं दिवाळीत आलं. ट्रुगानिना या आमच्या उपनगरात, आमच्या गल्लीत एकेका दारात रांगोळीही होती आणि कोरलेला भोपळाही, आणि रांगोळी कोणत्या भुतानं तुडवली यावर व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद चालू होता. त्यात इथली ऑक्टोबरअखेर म्हणजे उन्हाळ्याचं तोंड, आठ वाजेपर्यंत ऊन. भुतं बिचारी सनस्क्रीन लावून फिरतात.

स्पृहाला चेटकिणीचं नाक आणि हनुवटी हवी होती, खऱ्या कातडीसारखी. मी हे काम कुठे शिकले नाही. मराठी मंडळाच्या नाटकात मिशा चिकटवायला कोणी नव्हतं म्हणून मी चिकटवल्या, तेव्हापासून चिकटवतेय. व्हिडिओत जिलेटिन वापरतात. ते प्राण्यांच्या हाडांचं, आमच्याकडे घरात येत नाही, म्हणून मी चायना ग्रास वितळवून त्यात ग्लिसरीन घातलं आणि वाटीत दह्यासारखं नाक लावून ठेवलं. सेट झालं छान. दिसत होतं हुबेहूब नाक, हलत होतं हुबेहूब दुधाच्या खरवसासारखं. तिच्या चेहऱ्यावर चिकटवलं, ती हसली, आणि नाकाचे दोन तुकडे होऊन एक तिच्या मांडीवर पडला.

"आई, माय नोज इज डेझर्ट," ती म्हणाली आणि रडायच्या बेतात आली.

"दुसरं करते. तोंड वाकडं करू नकोस."

बोलून गेले. डायनिंग टेबलाशी हेमचंद्र लॅपटॉप घेऊन बसला होता. त्याची बोटं थांबली. स्पृहानं मांडीवरचा तुकडा उचलून उगाचच निरखायला घेतला.

"मग मला कर वाकडं," हेमचंद्र म्हणाला. "निम्मं तयारच आहे, तुझे कष्ट वाचतील."

मला वाटलं टोमणा आहे. पण तो लॅपटॉप मिटून खुर्ची उजेडात ओढत होता.

नाटकाच्या सामानात रबराच्या चिकाची बाटली उरली होती. तिचा वास कुजक्या माशांसारखा येतो, पण चीक निदान झाडाचा असतो. आधी स्पृहाचं नाक केलं, टिश्यूचे थर आणि चीक. मग त्याच्या पुढ्यात बसले. उजवा गाल डाव्यासारखा करायचा म्हणजे डावा आधी नीट बघायला हवा. मी रोज रात्री त्या डोळ्यात औषध घालते, पण थेंब बघते, डोळा बघत नाही. आता बघितला. खालची पापणी किती लोंबते, ओठाचा कोपरा कुठवर येतो, नाकाजवळची घडी कशी पुसली गेलीय. बोटानं मापं घेत होते. तो डोळे न हलवता माझ्याकडे बघत होता.

"एवढं वाईट आहे?" त्यानं विचारलं.

"बोलू नकोस, चीक ओला आहे," मी म्हणाले.

पापणी खाली ओढली, गालाला टिश्यूची पिशवी लावली, ओठाचा कोपरा उतरवला, वरून पावडर. आरशात दोन्हीकडून सारखा उतरलेला एक म्हातारा राक्षस होता. स्पृहा म्हणाली, "बाबा, यू आर सिमेट्रिकल."

आणि तो बाहेर गेला. उन्हात, पोर्चवर, खुर्ची टाकून, मांडीवर चॉकलेटचा वाडगा. मी दारामागे चकल्या डब्यात भरायचं नाटक करत होते. एक उंच मुलगा म्हणाला, "सिक मेकअप, मेट." इथली पोरं भारीला सिक म्हणतात. कोपऱ्यावरचे सरदारजी मुलीला घेऊन आले आणि म्हणाले, "भाईसाहब, एक नंबर." हेमचंद्र डोकं एका बाजूला करून घोगऱ्या आवाजात मुलांची नावं विचारत होता. इतका बोलताना मी त्याला कितीतरी महिन्यांनी ऐकत होते.

ऊन उतरलं तशी समोरच्या घरातली दीप्ती फराळाचं ताट घेऊन आली. मी बाहेर आले, गल्ली फिरून आलेली स्पृहाही पायरीवर होती. ठाण्याची आहे, गेल्याच महिन्यात राहायला आली, हेमचंद्रला तिनं कधी पाहिलंच नव्हतं. तोवर उजव्या गालाचं रबर घामानं सुटायला लागलं होतं. त्यानं ते हळूच सोलून काढलं. खालून त्याचा खरा गाल आला, लालसर, जागच्या जागी.

"शैलाताई, काय हात आहे हो तुमचा," दीप्ती म्हणाली. "मला वाटलं खरंच असं आहे की काय. काढा आता दुसरीकडचंही, मग निवांत करंजी खा. नाहीतर रबर तोंडात जाईल."

मी ताट हातात घेतलं. म्हणाले, "बस ना, चहा टाकते."

"ही'ल डू इट लेटर," स्पृहा घाईनं म्हणाली. "इट टेक्स टाइम. डॉक्टरनी सांगितलंय, बघू."

दीप्तीला डॉक्टर कुठून आले ते कळलं नाही. ती हसतच होती. हेमचंद्रनं सोललेलं रबर वाडग्याच्या कडेवर ठेवलं. तो दीप्तीकडे बघत नव्हता, स्पृहाकडे बघत होता.

"डॉक्टर बघू म्हणाले नव्हते, स्पृहा. मी म्हणालो. ही बाजू निघत नाही. आता ही बरी होणार नाही."