मधल्या कुंडीवरचं फुलपाखरू

मी एक जुनं फुलपाखरू आहे. फुलपाखराचं आयुष्य म्हणजे सौंदर्य, संयम आणि परिवर्तन यांची गाथा असते. मित्रांनो, माझ्या गाथेचा पहिला अध्याय लोकांना मी पक्ष्याची शी वाटण्यात गेला.

व्याकरणाचा घोळ आधीच सांगते. अंडं ते, अळी ती, कोष तो, फुलपाखरू पुन्हा ते. मी आहे मादी, पण मधे काही काळ ‘तो’ म्हणवून घ्यावं लागलं. त्याचंही काही वाटलं नाही.

आईने मला लिंबाच्या पानाखाली चिकटवलं आणि ती निघून गेली. आमच्यात तशीच पद्धत आहे. झाड कुंडीत होतं आणि कुंडी दोन भावांच्या सामाईक गॅलरीत. भावांच्या चुली वेगळ्या झाल्या तेव्हा गॅलरीच्या मधोमध लाल चिकटपट्टी मारली गेली. कुंडी नेमकी पट्टीवर आली.

आमची लहान अळी तपकिरी, वर पांढरा डाग, ओलसर. हुबेहूब शी. पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून ही सोय. माणसांचं काय करायचं, ते निसर्गाने जावांवर सोडलं होतं.

“ताई, तुमच्या बाजूला पानावर घाण पडलीय,” धाकटी म्हणाली.

“माझ्या? पान तर तुझ्याकडे वाकलंय.”

“देठ तुमच्याकडे आहे.”

“मग देठ मी पुसते, पान तू पूस.”

कोणीच पुसलं नाही. म्हणून मी जगले.

पुढे मी हिरवी झाले आणि खात सुटले. फांद्या उघड्या पडल्या.

“पानं खुडून झाड मारायचं, म्हणजे मधली जागा आयती मिळते. कळतं हो सगळं!” थोरली म्हणाली.

“मला घरची भाजी निवडायला वेळ नाही, तुमचं झाड कुठे निवडत बसू?”

“पानं गेल्यावर बरं ‘तुमचं’ झालं!”

दोघी एकमेकींकडे बघत होत्या. पानाकडे कोणी बघत नव्हतं. मी चावत होते.

मग मी कोष झालो. आत पाय, जबडा, पोट, सगळं विरघळतं. तेव्हा कसं वाटलं, असं तुम्ही विचाराल. काही वाटलं नाही. वाटायला जे लागतं, तेही बहुधा विरघळलं होतं.

एका सकाळी बाहेर आले आणि पंख वाळवत बसले.

“ताई, लवकर या! बघा तरी!”

थोरली ओल्या हातानेच पट्टी ओलांडून आली. “अगं बाई, किती गोजिरवाणं! आलं कुठून गं?”

“फुलांच्या वासाने आलं असेल.”

“इथे कुठलं आलंय फूल? हे बोडकं लिंबू काढू या. फुलं लावली तर अशी रोज येतील.”

“मी तेच म्हणणार होते, ताई.”

त्या दोघींचं पुष्कळ दिवसांनी एकमत झालं. ते माझ्यामुळे झालं, याची नोंद घ्यावी.

झाड काढायला चार दिवस गेले; तोवर मी आसपास हिंडून, जोडीदार गाठून परत आले होते. लिंबाला तेव्हा कोवळी पालवी फुटत होती. माझं पोट अंड्यांनी भरलं होतं, आणि आमची पोरं लिंबाच्या जातीखेरीज कशाला तोंड लावत नाहीत. शेजारीपाजारी तसलं दुसरं झाड मला दिसलं नव्हतं. मी कुंडीभोवती घिरट्या घालू लागले.

“बघा, निरोप घेतंय,” धाकटी म्हणाली.

“छे गं, आनंद झालाय त्याला.”

दोघींनी मिळून झाड ओढलं. मुळासकट आलं.

मित्रांनो, फुलपाखरू आवडत असेल तर आधी अळी आवडून घ्या. तेवढं जमत नसेल, तर निदान घाण कोणी पुसायची यावरून भांडत राहा. एकजुटीने काही करू नका.

नव्या फुलांना पाणी कोणी घालायचं, हा प्रश्न दुपारी निघाला आणि संध्याकाळच्या आत सुटला. कुंडीत गुलाबी फुलं आली, पानंही भरपूर. आम्ही पायांनी चव घेतो. मी एका पानावर बसले आणि सगळे पाय टेकवून पाहिले.

प्लास्टिक होतं.