पाठीवरचं पाणी

काचेवर टकटक करू नका, मला ऐकू येतं. हो, मीच बोलतोय. पेटीतला ब्रश. शेजारी पाटी लावलीय, 'चित्रकर्तीचा आवडता ब्रश'. आवडता म्हणे! ती पाटी वाचली की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मला तळपाय नाही ही गोष्ट वेगळी.

जन्म माझा कारखान्यातला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. लाकडाचा दांडा, नायलॉनचे मऊ केस, पत्र्याची पट्टी आवळली की झाला ब्रश. खरा जन्म दुकानात झाला. ही चित्रकर्ती आली, एकेक ब्रश उचलून आपल्या गालावर फिरवून बघू लागली. दुकानदार वैतागला. "बाई, भिंत रंगवायचीय की गाल?" ती म्हणाली, "माणसं." आणि मला घेऊन गेली.

तेव्हापासून मी माणसं रंगवली. भिंत नाही, कॅनव्हास नाही, जिवंत कातडी. लोक हौसेने यायचे, कुणावर सक्ती नव्हती. गणिताचे एक मास्तर आले होते, बरगडीवर मी टेकलो की लहान पोरासारखे खिदळायचे. एक बेकरीवाला आला, त्याने पोट आत ओढून धरलं ते फोटो निघेपर्यंत सोडलंच नाही, शेवटी घेरी येऊन स्टुलावर बसला. सगळेच पोट आत ओढतात. आणि सगळेच बोलतात. रंगवणारा पाठीमागे असला, डोळ्याला डोळा भिडत नसला, की माणूस घरात न बोललेलं बोलून जातो.

चित्रकर्तीची एक रीत होती. सांगितल्याशिवाय कुणाला हात लावायचा नाही. मला कोमट पाण्यात बुडवायची, आधी स्वतःच्या मनगटावर टेकवून बघायची, मग म्हणायची, "येते हं, खांद्यावर." प्रत्येक फटकाऱ्याआधी. "येते हं, कमरेपाशी." कॅमेरा उचलतानाही तेच. या रीतीमुळे लोक तिच्यापुढे निर्धास्त उभे राहायचे. मलाही तिचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

मग ती लाँड्रीवाली आली. सोबत तिची जाऊ. दोघी एकाच लाँड्रीत इस्त्रीला. जाऊ दारातच स्टूल ओढून बसली, राखणीला बसल्यासारखी.

लाँड्रीवालीने पाठ उघडी केली. डाव्या खांद्यापासून कमरेपर्यंत भाजल्याचा डाग होता, तांबूस, गुळगुळीत, मध्येच सुरकुतलेला.

"वाफेची नळी फुटली," लाँड्रीवाली म्हणाली. "मालकाला आधी दोनदा सांगितलं होतं, नळी गळतेय म्हणून. फुटल्यावर तो काय म्हणाला माहितेय? घरी अंगावर चहा सांडून घेतला असेल."

"पाठीवर चहा कोण पितं, विचारा त्याला," जाऊ स्टुलावरून म्हणाली.

"सासूबाई म्हणाल्या, झाकून ठेव. ठेवला. पोरांनासुद्धा दाखवला नाही. आता मला झाकायचा नाही. ताई, माझ्या पाठीवर पाणी काढा. थंड पाणी. पण डागाला रंग लावू नका. तो तसाच दिसू दे. सगळ्यांना दिसू दे."

"शब्द देते," चित्रकर्ती म्हणाली.

त्या दिवशी मी आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम केलं. निळं पाणी काढत डागाच्या कडेकडेने जायचं आणि आत एक थेंब पडू द्यायचा नाही. त्या कडेपाशी तिला स्पर्श कळत नव्हता, म्हणून ती सारखी विचारायची, "आता कुठे?" आणि चित्रकर्ती सांगायची, "खांद्याखाली. आता वळतेय. आता कमरेपाशी." जाऊ म्हणाली, "मी डागाला तेल लावायला घेतलं की ही घर डोक्यावर घेते, आणि इथे बघा, गरीब गाय!" तिघी हसल्या. फोटो निघाला. लाटांमध्ये एखादं बेट असावं तसा तो डाग दिसत होता. फोटो बघून लाँड्रीवाली रडली नाही. म्हणाली, "केवढा आहे गं हा. मला वाटलं होतं त्याहून मोठा आहे."

आता ऐका. प्रदर्शन ठरलं. कलादालनाचे साहेब फोटो बघायला आले. उंची चष्मा, बोलणं मधासारखं. "फारच सुंदर. फक्त या पाठीवरचं तेवढं जरा स्वच्छ करा. लोक फोटो घरात लावणार, जेवणाच्या टेबलासमोर. लक्षात येतंय ना?"

चित्रकर्ती म्हणाली, "मी शब्द दिलाय."

"तुम्ही रंग लावू नका म्हणून शब्द दिला. रंग कुठे लावताय?"

आणि ती संगणकासमोर बसली. मी पेल्यात उभा होतो, समोरच. जिथे मी एक थेंब पडू दिला नाही, तिथे तिने बोटाच्या टोकाने नितळ कातडी पसरली. कुणाला विचारलं नाही. "येते हं" म्हटलं नाही. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि केस माझे नव्हते एवढंच समाधान. त्या मालकाने डागाचा चहा केला, हिने तर डागच ठेवला नाही. मग सांगा, दोघांत जास्त वाईट कोण?

मला धुऊन पुसून या पेटीत ठेवलं, बाजूला शोभेला रंगाच्या वड्या आणि पाण्याची वाटी. समोरच्या भिंतीवर तो फोटो.

पहिल्याच दिवशी दोघी आल्या, ठेवणीतल्या साड्या नेसून. फोटोसमोर उभ्या राहिल्या. मग लाँड्रीवाली शांतपणे म्हणाली, "ही मी नाही."

चित्रकर्ती गर्दीतून लगबगीने आली. "अहो, ऐका ना, छापताना जरा…"

"ताई, तुम्ही दर वेळी सांगायचात. हे करताना का नाही सांगितलं?"

लाँड्रीवाली माझ्याकडे वळली. जावेने काचेचं झाकण उचललं, दोघींना चादरींचे गठ्ठे उचलायची सवय, झाकण म्हणजे काय! लाँड्रीवालीने मला वाटीत बुडवलं, तांबड्या वडीवर घासलं आणि फोटोसमोर धरलं. पण हात थांबला. आपली पाठ आपण कधी नीट बघितलेली असते? तेव्हा जाऊ पुढे झाली. रोज तेल लावणारी तीच.

"खांद्यापासून सुरू कर. अजून डावीकडे. आता खाली. इथे वळतो."

लाँड्रीवाली आधी त्या कागदावरच्या बाईला म्हणाली, "येते हं." मग मी टेकलो. ती कड मला ठाऊक होती. त्या दोघींच्या हातून मी ती पुन्हा काढली, वरपासून खालपर्यंत, आणि आयुष्यात इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

साहेबांनी पहारेकरी बोलावला. दोघी स्वतःच्या पायांनी निघून गेल्या, जाताना जाऊ म्हणाली, "चल, चहा पिऊ. तोंडाने."

चित्रकर्ती मला बेसिनपाशी घेऊन गेली. नळ सोडला, पुन्हा बंद केला आणि न धुताच मला पेटीत ठेवलं. लाज वाटली असेल. असू दे. त्या लाजेचं मी काय करू? दुसऱ्या दिवशी भिंतीवर नवा फोटो आला, पाठ पुन्हा कोरी करकरीत. पेटीला आता कुलूपही आहे.

मी कडक झालोय, त्याच तांबड्या रंगाने माझे केस चिकटलेत. ब्रशाने न धुता पडून राहावं यासारखी दुर्दशा नाही, पण मला धुवू नका. इथे तिचा डाग फक्त माझ्याजवळ आहे. तुम्ही त्या फोटोसमोर "वा, किती नितळ" म्हणून उभे राहता ना, तेव्हा एकदा वळून माझ्या केसांकडे बघा.

आणि कुणी मला उचलणारच असेल, तर हात लावायच्या आधी सांगा.