बनुबाईच्या नावाचा काळा मसाला

मित्रांनो, माझ्या काळ्या तळाकडे बघून नाक मुरडू नका. ज्या लोखंडी कढईचा तळ काळा झाला नाही, ती नुसती भिंतीची शोभा. मी जुनी आहे, एका अंगाने जराशी चेपलेली आहे, आणि माझे दोन्ही कान माणसांच्या हातांनी गुळगुळीत झाले आहेत. त्यातला एक हात आता या जगात नाही. तरी पुष्कळ दिवस त्याने माझा कान सोडला नव्हता.

घोडेगावच्या बाजाराच्या कडेला पाल ठोकून बसलेल्या एका घिसाडी जोडप्याने मला घडवलं. नवरा सांडशीने लोखंड धरायचा आणि बायको घण घालायची. त्या दिवशी रंगनाथ नावाचे शेतकरी बाजारात बैल घ्यायला आले होते. सौदा फिसकटला. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून ते मलाच उचलून वस्तीवर घेऊन गेले. त्यांची बायको, बनुबाई, दारातच म्हणाली, "ही जुपायची व्हय औताला?"

बैलाचं हसू त्या घराला वर्षभर पुरलं. पुढे राबले मात्र मी बैलासारखीच.

बनुबाईचा काळा मसाला पंचक्रोशीत नावाजलेला होता. खोबरं, धने, दगडफूल, मिरची, एकेक जिन्नस ती माझ्यात वेगळा भाजायची आणि घाई म्हणून करायची नाही. डंकावर कुटून आणलेला मसाला गरम असतो. तो ती परत माझ्यात ओतून वर पातळ फडकं बांधायची आणि दुसऱ्या दिवसापर्यंत कुणाला शिवू द्यायची नाही. वाफ कोंडली की मसाला नासतो, असं तिचं म्हणणं.

रंगनाथ गेले. मुलगा ओंकार याचं लग्न झालं आणि श्रीरामपूरची निकिता सून म्हणून आली. मसाला विकायचं तिनेच काढलं. घरच्या चुलीवर केला तरी विकायचा म्हटला की अन्न विभागाकडे नोंदणी लागते, हे तिला ठाऊक होतं. मसाला सासूचा, म्हणून नोंदणीही तिने सासूच्या नावाने केली. पाणी तपासून आणलं, मोरी दुरुस्त करून घेतली, डॉक्टरांचा दाखला काढला. डोक्याला कापड बांधायला सांगितलं तेव्हा बनुबाई म्हणाली, मला टोपरं कशाला, मी काय पाळण्यात आहे? पण बांधलं.

मग छापील पाकिटं आली. वर हिरवा ठिपका, खाली जिन्नस, वजन, भरल्याची तारीख, नोंदणीचा क्रमांक, आणि करणारीचं नाव. बनुबाईला वाचता येत नव्हतं. निकिताने तिचं बोट धरून त्या अक्षरांवर ठेवलं. "सातबाऱ्यावर न्हाई, घरावर न्हाई," बनुबाई म्हणाली, "हितं आलं बघ माझं नाव." मला त्या दिवशी फार आनंद झाला होता.

थंडीच्या दिवसांत बनुबाई गेली. पुढचं मी घरातल्या बोलण्यातून ऐकलं. दहाव्याला प्रवरेच्या काठी पिंड ठेवला तर कावळा शिवेना. गाईचं नीट करू, म्हणाले. शेताचा तुकडा विकणार नाही, म्हणाले. कावळे झाडावर बसून राहिले. शेवटी ओंकार हात जोडून बोलला, आई, पाकिटावरचं तुझं नाव काढणार नाही. आणि कावळा खाली उतरला.

त्या शब्दाने घर जखडलं गेलं, मित्रांनो. नोंदणी ज्याच्या नावावर आहे तो माणूस गेला, तर वारसाने मुदतीत कळवून आपल्या नावाने नोंदणी करायची असते. निकिताने ते वाचून नवऱ्याला सांगितलंही. कावळ्यापुढं शब्द दिलाय, एवढंच तो बोलला. गिऱ्हाईक दारात आलं की तो आईच्या फोटोवरचा हार काढून ठेवायचा. हाराशिवाय ती जिवंत दिसे आणि थेट चुलीकडे बघत असे.

गिऱ्हाइकाचा फोन आला की त्याला बनुबाईंशीच बोलायचं असे. बनुबाई का, असं विचारलं की निकिता आधी नुसतं हो म्हणायची. मग आवाज जाड करून बोलू लागली. मग फोन नसतानाही तिचा आवाज तसाच राहू लागला. ती उलथणं माझ्या काठावर आपटायची ते सासूसारखंच. तिने माझा डावा कान धरला की उजव्या कानावर मला दुसऱ्या हाताचा भार जाणवायचा. थंड, ओळखीचा हात. घरात राबणारी बाई एक होती आणि वावरत दोघी होत्या. मला भीती वाटायची, आणि खोटं कशाला बोलू, बरंही वाटायचं.

पावसाळ्यात श्रीरामपूरच्या एका दुकानाची मोठी मागणी आली. टेम्पो दारात उभा. डंकावरचा मसाला नुकताच माझ्यात ओतला होता आणि माझं लोखंड चांगलंच तापलं होतं. निकिताने फडकं बांधलं नाही. गरम मसाला तसाच पाकिटांत भरला आणि तोंडं बंद केली. उजव्या कानावरचा तो भार त्या वेळी इतका वाढला की मी चुलीवरून कलंडते की काय असं मला वाटलं. मला तोंड असतं तर ओरडले असते.

काही आठवड्यांनी पंकजा मॅडम आल्या. त्या अन्न विभागाच्या अधिकारी. पाकिटांत बुरशी निघाली होती आणि एका घरातली माणसं उलट्यांनी दवाखान्यात होती.

"बनुबाईंना बोलवा," त्या म्हणाल्या. "तक्रार त्यांच्या नावावर आहे."

ओंकारने मान खाली घातली. आई गावाला गेलीय, तो पुटपुटला.

निकिता पुढे आली. आणि बोलली ती स्वतःच्या आवाजात. तो आवाज मी किती महिन्यांनी ऐकत होते.

"त्या वारल्या, मॅडम. त्यांनी जल्मात कधी गरम मसाला भरला न्हाई. हा मी भरलाय."

"आगं, आईला शब्द दिलाय," ओंकार म्हणाला.

"नाव ठेवायचा दिलाय. त्या नावाला डाग लावायचा न्हाई दिला."

ओंकार भिंतीला टेकून खाली बसला आणि रडला. दहाव्यालाही तो असा रडला नव्हता म्हणे.

पंकजा मॅडमनी काम बंद करायला लावलं. तक्रारीची चौकशी व्हायची ती झाली आणि दंड बसला. उरलेली पाकिटं ओंकारने स्वतः परत आणून खड्ड्यात पुरली. जाताना मॅडम एक गोष्ट सांगून गेल्या. मसाल्याला नाव कुणाचंही द्या, पण करणाऱ्याच्या जागी त्याचंच नाव हवं ज्याला उद्या जाब विचारता येईल. मेलेल्या माणसाला कोण विचारणार?

मी पालथी पडून राहिले. पोटाला गंज चढला, कोळ्यांनी जाळी केली. मग नवी नोंदणी झाली आणि निकिताने मला चिंचेने घासून पुन्हा चुलीवर चढवलं. आता पाकिटावर वर मसाल्याचं नाव असतं, बनुबाईचा काळा मसाला, आणि खाली करणारीचं, निकिता.

मित्रांनो, गेलेल्या माणसाचं नाव जरूर जपा. पण आपलं काम, आपली चूक त्याच्या नावाआड लपवू नका, कारण त्याला उठून उत्तर देता येत नाही. आणि जे हात तुमच्यासाठी राबतात, ते आहेत तोवरच त्यांचं नाव विचारा.

नव्या नोंदणीनंतरच्या त्या पहिल्या भाजणीच्या दिवशी निकिताने माझा डावा कान धरला. मी उजव्या कानावरच्या भाराची वाट बघत राहिले. खोबरं भाजून झालं, धने झाले, मिरचीचा ठसका घरभर गेला. कुणी आलं नाही. सुटली बिचारी, असं मी स्वतःला सांगते. पण मला ती अजून हवी होती.