साफ हाय, या

बसा पाव्हनं. गुंजवण्याची यष्टी अजून तासभर येत न्हाई. तवर आमच्या धनाजीचं सांगतो. मानूस साधा, पन ऐकता ऐकता हातातला च्या गार हुईल बघा.

धनाजी माझ्या वर्गातला, दुसरीपातुर. म्या तिथंच थांबलो, त्यो शिकत गेला. अणुभट्टीतनं जळून निघाल्यालं इंधन परत कामाला आनायचं, असल्या कारखान्यात तीस वर्सं काढली. लांब, दर्याकडं. काम कसलं, तर हातभर जाडीची पिवळी काच. पल्याड मानूस गेला तर संपला, म्हनून तिथं लोखंडी हात. ह्यो अल्याडनं दांडं हलवायचा, पल्याडचं हात तसंच हलायचं. जळकं इंधन वितळल्याल्या मिठात बुडवायचं, करंट सोडायचा. चांगला धातू कांडीवर काटेरी झुडपागत साचायचा, बरीचशी घान मिठात ऱ्हायची.

"रोज हाताळलं," त्यो म्हनायचा, "पन येकदा बी शिवलो न्हाई." काचेत त्याचंच तोंड दिसायचं, आन् त्या तोंडाखाली लोखंडाचं हात.

सुटी झाली की अंगाला कायी लागलंय का बघाया मशीनम्होरं हात धरायचं. हिरवा दिवा लागला तर घरी. येकदाच लाल लागला. हात धुतलं, परत धरलं, हिरवा. डाक्टर म्हनला, काय न्हाई. पन त्यो लाल दिवा ह्याच्या डोक्यातनं गेला न्हाई.

रिटायर हून गावी आला. खाचरातनं घरी आला की उंबऱ्याभाईर हुबा, दोनी हात म्होरं. आतनं त्याची बायकू बनाबाई भाकरी थापता थापता वरडायची, "साफ हाय, या! ह्या घरात मशीन म्हनूनच आनलीया जनू मला." मग त्यो हसत आत.

औंदा बनाबाईच्या अंगावरनं वारं गेलं. वाचा बसली. चौथ्या दिशी भर दुपारी घरघर लागली. माझी बायकू सखू म्हनली, "भावजी, तुमच्या हातचं पानी तेवढं तिच्या तोंडात पडू द्या."

धनाजी तांब्या घिऊन उंबऱ्याभाईर हुबा. पाऊल उचलंना.

"आरं ये की लेका!" म्या वरडलो.

"तिला म्हनू दे."

"तिला वाचा न्हाई, येड्या! म्या म्हनतो, साफ हाय."

"तुला काय कळतंय? तिच्या अंगाला लागलं म्हंजी?"

पानी म्या पाजलं. गालावरनं वघळलं. तिचं डोळं उंबऱ्याकडं व्हतं, तसंच ऱ्हायलं.

तवापस्नं त्यो रोज दुपारी उंबऱ्याभाईर हात करून हुबा ऱ्हातो. घरात चिटपाखरू न्हाई. जरा येळानं "व्हय, व्हय" म्हनतो आन् आत जातो.

म्या इचारलं, "कोन बोललं रं?"

"कोन म्हंजी? तीच की."

हसलो म्या. पन काल शेजारीच हुबा व्हतो, पाव्हनं. खोटं कशाला बोलू, म्या बी आयकलं. बाईचा आवाज, चुलीकडनं. पन 'साफ हाय' असं न्हाई म्हनली. म्हनली, "थांबा."

कालपास्नं त्यो थांबलाय. अन्न न्हाई, पानी न्हाई. म्या त्याचं हात धराया गेलो, तर माझंच हात उचललं न्हाईत. ल्हानपनी येका ताटात जेवल्यालो आमी, आन् मला लागंल म्हनून भ्यालो म्या.

तुमी राजगडाला निघालाय. गुंजवण्यात उतरलं की गडाच्या वाटंतच त्याचं घर हाय, निळ्या दाराचं. बोलू नका काय. त्याचं हात तेवढं हातात घ्या.