चतकोर सूर्य

संध्याकाळचं ग्रहण लागायला अजून थोडा अवकाश होता, पण वेध सकाळपासूनच लागले होते, आणि सातपाटीत वेध लागले की माणूस छपराखाली. यंदा सूर्यग्रहण नेमकं लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी आलं होतं. त्यामुळे करंज्यांच्या डब्यांवरसुद्धा तुळशीची पानं ठेवलेली होती. तरीही मच्छीमार सोसायटीच्या सभागृहात पन्नासेक माणसं येऊन बसली होती. हेमालीने गावाला शब्द दिला होता, की कुणीही उन्हात पाऊल न टाकता ग्रहण बघेल.

हेमाली कमलाकांत मेहेरांची मुलगी. भौतिकशास्त्र शिकलेली, बोईसरच्या एका कारखान्यात मोजमापाची उपकरणं तपासणारी. नवऱ्याची कामावर पाळी असल्यामुळे एकटीच दिवाळीला माहेरी आली होती, आणि येताना पोटातलं पाच महिन्यांचं बाळ आणि दुर्बीण, दोन्ही घेऊन आली होती. दुर्बिणीची नळी विकत घेतलेली, पण तिला धरून सूर्यामागे हळूहळू फिरवणारा माउंट बापलेकीने मिळून केलेला. त्याचा पाय होडी बांधून उरलेल्या सागाचा, दातेरी चाकं भंगारात निघालेल्या झेरॉक्स मशीनची. मोटरी चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड हेमालीने स्वतः जोडला होता. लॅपटॉपने हुकूम सोडायचा, बोर्डाने तो ऐकायचा आणि मोटरींनी सूर्याबरोबर चालायचं.

दुर्बीण सभागृहाच्या गच्चीवर होती. पुढच्या भिंगावर सूर्यासाठीचा काळा फिल्टर, मागे बांधलेला एक जुना मोबाइल. मोबाइलचं चित्र व्हिडिओ कॉलवरून सोसायटीच्या कॉम्प्युटरवर यायचं आणि तिथून पडद्यावर. हेमालीने मात्र लॅपटॉप घेऊन खाली सभागृहात बसायचं. कारण आई, येसूबाई, गेले आठ दिवस एकच वाक्य बोलत होती : "दोन जिवाची बाई गिराणात बाहेर नाय निंगाची."

हेमालीने वाद घातला नव्हता. लहानपणापासून प्रत्येक ग्रहण तिने खिडकीला गोधडी लावलेल्या खोलीत काढलं होतं. यावेळी आईने छपराखाली बसून पडद्यावर बघायला परवानगी दिली, तेच तिला पुष्कळ वाटलं होतं. पण आईची अट होती. गिराण लागायच्या आत यंत्र चालू झालं तर बस, नाही तर सरळ घरी, खोलीत.

आणि यंत्र चालू होत नव्हतं.

लॅपटॉपच्या पडद्यावर पुन्हा तीच ओळ आली. माउंट सापडला नाही.

"हेमाली, तुजा सिनेमा कवा चालू होतंय?" सोसायटीचे चेअरमन पंढरीकाका पहिल्या रांगेतून ओरडले. "का तिकिटाचे पैसे परत देतेस?"

"तिकीट काढलं कवा तुमी?" मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले.

हेमाली हसली नाही. कारखान्यात एखादा काटा चुकीचं वजन दाखवू लागला, की ती जे करायची तेच तिने केलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं होतं तसं ठेवायचं. तिने वायर लॅपटॉपच्या दुसऱ्या यूएसबीत घातली. तीच ओळ. लॅपटॉप बंद करून चालू केला. तीच ओळ. बोर्डाचा ड्रायव्हर, म्हणजे त्याचा प्रोग्रॅम, काढून पुन्हा टाकला. तीच ओळ. मग वायर काढून त्याच जागी माऊस लावला. माऊस लगेच पळायला लागला.

म्हणजे लॅपटॉप निर्दोष.

तिने वडिलांना फोन लावला. ते गच्चीवर दुर्बिणीपाशी उभे होते. "बाबा, बोर्डावरचा लाल दिवा लागलाय?"

"लागलाय ना. गणपतीपुढच्या समईसारका."

दिवा लागला होता, म्हणजे वीज पोचत होती. आणि सकाळी घरी पडवीत हाच बोर्ड याच लॅपटॉपशी नीट बोलला होता. त्या वेळी मध्ये टीचभर वायर होती. आता जिना आहे, खिडकी आहे, पूर्ण भिंत आहे.

हेमाली टेबलाखाली वाकली आणि वायर बोटांत धरून भिंतीच्या कडेने निघाली. बाबांनी सकाळीच ती मोठ्या टापटिपीने टाकली होती. सीसीटीव्हीवाल्याकडून सिग्नल वाढवणारी लांब वायर आणली असेल, असं समजून तिने तेव्हा बघितलंसुद्धा नव्हतं. खिडकीच्या अलीकडे बोटांना गाठ लागली. गाठ कसली, निळ्या सुतळीने एकाला एक लागून घातलेले वेढे. जाळ्याला शिसं बांधतात तसे सुबक, आणि वरून पाणी शिरू नये म्हणून डिंकासारखा थर. पुढे खिडकीबाहेर तसंच आणखी एक निळं बोंड दिसत होतं.

"बाबा, ही वायर जोडलीत तुमी?"

"मंग? येवरी लांब वायर पालगरच्या बाजारात मिलते का? पिरिंटरच्या तीन घेतल्या नि जोडल्या. लालला लाल, कालीला काली, पांडरीला पांडरी, हिरवीला हिरवी. बोटीवर जीपीएसची वायर अशीच वाडवली, धा वरसं झाली, अजून चालतेय. वडून बग, होडी बांदलीस तरी तुटाची नाय!"

फोन स्पीकरवर होता. सभागृहातल्या म्हाताऱ्या खलाशांनी मान डोलावली. कमळ्याचा सांधा, तो सुटायचा नाही.

येसूबाई उठून उभी राहिली. "चल हेमाली. झाला तो तमाशा पुरे. घरी चल."

"आये, पाच मिनिटं."

हेमालीने गाठ पुन्हा चाचपली. सांधा उत्तम होता, हे तिला हाताला कळत होतं. आपल्याला खोलीत बसावं लागू नये म्हणून आदल्या दिवशी, लक्ष्मीपूजनाची तयारी सोडून, बाबांनी तो घातला होता. आणि आता अख्ख्या गावासमोर सांगायचं होतं, की चालत नाही ते यामुळेच. गोलमोल बोलायची तिला सवय नव्हती.

"बाबा, जीपीएसच्या वायरीतून नुसती वीज जाते. वीज लांब जाते, म्हणून दिवा लागला. पण या वायरीतून बोलणंपण जातं. लॅपटॉप एका क्षणात हजारो वेळा विचारतो आणि उत्तराची वाट बघतो. वायर पाच मीटरच्या वर गेली, की आवाज फाटतो. तुमचा सांधा पक्का हाय. वायर लांब झालीय."

पलीकडून बाबांनीच विचारलं.

"मंग लांबडी वायर चालाचीच नाय? कुनी पन जोडली तरी?"

"कुणीपण जोडली तरी."

"मंग आदी सांगाचं ना, येडे!" कमलाकांत म्हणाले, आणि त्यांच्या आवाजातला ताण गेला होता. "लॅपटॉप वर पाटव. आकूड वायर हाय ना इतं पेटीत?"

पंढरीकाकांच्या नातीने, जागृतीने, लॅपटॉप जिन्याच्या दारापर्यंत नेला. दारातून कमलाकांतांचा हात आला आणि लॅपटॉप घेऊन गेला. मिनिटभराने फोनवर आवाज आला, "टिंग वाजलं. लिवलंय... माउंट सापडला."

सभागृहात टाळ्या पडल्या. पण हेमालीला पुढची अडचण आधीच दिसत होती. माउंटचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखायचा असतो; दिवसा तो दिसत नाही, म्हणून अंदाजाने लावलेला. सूर्य चित्रातून हळूहळू सरकणार. ग्रहण सुटायच्या आधीच सूर्य बुडणार होता; तोपर्यंत कुणीतरी लॅपटॉपवर बसून त्याला मधोमध आणत राहायला हवं. उघड्या गच्चीवर.

येसूबाईलाही ते कळलं. "अवो, तुमी खाली या. गिराण लागतंय!"

"दर्यात असताना गिराण लागायचं, तवा तुजं छप्पर कुटं होतं गं?" वरून उत्तर आलं. "मासोली टाकून घरी पलत आलो का मी? हेमाली, कंचं बटन ते सांग."

येसूबाई बसली. पुटपुटत बसली, पण बसली. आणि शेजारच्या खुर्चीवर हेमालीला बसवून घेतलं.

पडद्यावर केशरी थाळी आली. स्वच्छ, गोल, काठाशी दोन बारीक काळे डाग. लोक पुढे झुकले. मग एका बाजूची कड किंचित चेपल्यासारखी दिसली, आणि ते चेपणं वाढत गेलं.

"बाबा, उजवा बाण. दोनदा. बस."

सूर्य मधोमध आला.

"आता खालचा, एकदा."

"घातला."

चंद्र आत सरकत होता.  अखेर येसूबाईनेच विचारलं, हळूच, जणू कुणी ऐकू नये : "किती खाल्ला गं?"

"चतकोर, आये. आपल्या इथून चतकोरच झाकलेला दिसणार. याहून जास्त नाही."

"चतकोर," येसूबाईने मागे वळून बायकांना सांगितलं. "तवराच खातो. माजी हेमाली सांगतेय ना."

तिचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता. बाजारात आपल्या पाटीतली सुरमय ताजी असली, की ती ज्या आवाजात भाव सांगायची, तोच. पंढरीकाका तेवढ्यात म्हणाले, "येसू, मशीन तुजे नवऱ्याची पन हाय हां," आणि ती म्हणाली, "मंग नाय कोन म्हनतंय?"

सूर्य समुद्राकडे उतरत गेला, तसा तो लालसर झाला आणि काठ पाण्यासारखे हलायला लागले. खाली उतरताना तो चित्राच्या एका कोपऱ्याकडे झुकत होता. हेमालीने फोन तोंडाशी धरला. "बाबा, डावा..."

सूर्य तिचं वाक्य संपायच्या आत मधोमध आला होता.

ती थांबली. पुढच्या वेळी मुद्दाम काहीच बोलली नाही. सूर्य पुन्हा सरकला, आणि पुन्हा, कुणी न सांगता, जागेवर आला. एकाच बाणाने, एकदाच. बाबांना त्या सरकण्याचा कल कळला होता. तो किती वेळाने येतो, केवढा येतो. वाऱ्यावर सुकाणू धरावं, तसे ते आता चुकीच्या आधीच हात फिरवत होते.

"हेमाली," फोनवरून आवाज आला, "मी हाय इतं. तू लोकांना सांग."

हेमालीने फोन टेबलावर पालथा ठेवला. खुर्चीला हात टेकून ती उठली, पडद्याकडे पाठ करून सभागृहाकडे वळली आणि पहिल्या रांगेतल्या जागृतीपासून मागे दाराशी उभ्या असलेल्या खलाशांपर्यंत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगू लागली, चंद्र सूर्यापेक्षा इतका लहान असून त्याला झाकू कसा शकतो ते.