कवळीवाल्याचं मत

मतदानाच्या सकाळी कवळीवाल्याच्या दारासमोर दोन गाड्या येऊन उभ्या राहिल्या. दोन्ही त्यालाच न्यायला आल्या होत्या.

पुढची मालकांची. मालक आणि तो एका भाषेचे, धर्म मात्र वेगळे. ह्या परक्या देशात मालकांनी त्याला आपल्या दातांच्या कार्यशाळेत ठेवून घेतलं, वरची खोलीही दिली. खोलीचा जिना कार्यशाळेतूनच उतरायचा, त्यामुळे कवळीवाल्याचं येणंजाणं मालकांच्या नजरेखालूनच. मागची गाडी प्रार्थनागृहाच्या चिटणिसांची. ते त्याच्या धर्माचे, भाषा वेगळी. त्यांनी शब्द टाकला म्हणून त्याच्या मुलीला प्रार्थनागृहाच्या शाळेत जागा मिळाली होती. निवडणुकीत एक उमेदवार मालकांच्या भाषेचा, एक चिटणिसांच्या धर्माचा. दोन्ही बाजू कवळीवाल्याला ‘आपला माणूस’ म्हणत होत्या.

तिसऱ्या उमेदवार एक बाई होत्या. इथल्याच, ना त्याच्या भाषेच्या, ना धर्माच्या. बाहेरून शिकून आलेल्यांची परीक्षा घेऊ आणि त्यांची प्रमाणपत्रं मान्य करू, असं त्या भर सभेत म्हणाल्या होत्या. गावाकडे कवळीवाला स्वतःच्या सहीने कवळ्या द्यायचा. इथे मेणात दात तोच बसवायचा, वरच्या आणि खालच्या दातांचा चावा तोच जुळवायचा, पण कवळीच्या डब्यावर सही मालकांची. उद्या मालकांनी काढलं असतं तर दुसऱ्या कार्यशाळेत त्याच्या हाती फक्त झाडू आला असता. पहिल्यांदाच मिळालेलं मत बाईंना द्यायचं, हे त्याने मनात पक्कं केलं होतं. बोलला मात्र कुणाजवळच नव्हता. कार्यशाळेतला पॉलिश करणारा तसं बोलून गेला होता. मालक त्याला म्हणाले, “मग पगारही तिच्याचकडे माग,” आणि त्याच दुपारी त्याला घरी पाठवलं.

“अहो, पडद्याआडून काय बघताय? दोघांचे हॉर्न वाजवून झाले,” बायको म्हणाली.

“आपण चालत जाऊ या.”

“आणि दोघांशी वाकडं घेऊ या! एकाने खोली काढून घेतली, दुसऱ्याने शाळा, की मग चालतच बसा.”

“मग करायचं काय?”

“तुम्ही मालकांच्या गाडीत बसा, मी चिटणिसांच्या. एक मत इकडे, एक तिकडे. झाली वाटणी.”

“मत म्हणजे काय भाजी आहे?”

“भाजी असती तर आधी मला विचारलं असतंत.”

दोघं खाली उतरली. मालकांनी गाडीचं दार उघडून धरलं होतं.

“या, पुढे बसा. वहिनी तिकडे?”

“मुलीची शाळा, मालक.”

“कळतं हो. बायकामुलांचं सोडा. तुम्ही आमचे, एवढं पुरे.”

दोन्ही गाड्या एकाच रस्त्याने एकाच शाळेच्या इमारतीकडे निघाल्या. बाजूच्या आरशात कवळीवाल्याला बायको दिसत होती, चिटणिसांच्या बोलण्यावर मान डोलावणारी. त्याच्या लक्षात आलं, आपणही कधीपासून मान डोलावतोच आहोत.

फाटकाशी चिटणिसांनी त्याला गाठलं. “बसा हो कुणाच्याही गाडीत,” ते हळूच म्हणाले, “मन कुठे बसलंय ते वरचा बघतोय.”

पडद्यामागे एक उंच टेबल होतं आणि दोरीने बांधलेली पेन्सिल. इथे त्याला बघणारं कुणी नव्हतं, तरी त्याने मागे वळून पाहिलं. त्याने बाईंच्या नावापुढे खूण केली, कागदाची घडी घातली, ती पुन्हा उघडून पाहिली आणि पुन्हा घातली.

“आपल्यालाच ना?” बाहेर मालकांनी विचारलं.

“हो तर.”

थोडक्या मतांनी चिटणिसांचा उमेदवार निवडून आला. मालकांचा पडला. बाईंना जेमतेम मतं पडली.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी मालक कवळीवाल्याच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. तो दिव्याच्या ज्योतीवर मेण कापायची सुरी तापवत होता.

“गाडी माझी, आणि मत त्यांना?”

कवळीवाल्याने सुरी ज्योतीवरच धरून ठेवली. ‘त्यांना नाही दिलं’ म्हणावं, तर पुढचा प्रश्न ठरलेला: मग कुणाला? पॉलिशवाल्याच्या टेबलावर अजून नवा माणूस बसला नव्हता.

“बोला की. मी काही खाणार नाही तुम्हाला,” मालकांनी आवाज खाली आणला. “धर्माची ओढ असते हो. माझा भाऊ असता तर त्यानेही हेच केलं असतं. ते मी समजू शकतो. मला राग येतो तो त्या बाईला मत देणाऱ्यांचा. ती ना आपली, ना तुमची. असला माणूस कुणाचाच नसतो.”

सुरी लाल झाली होती. कवळीवाल्याने ती ज्योतीवरून बाजूला घेतली.

“चुकलं, मालक,” तो म्हणाला. “ओढ लागली.”

“अस्सं! सांगितलंत ना, झालं. माझ्या मनात काही नाही आता.” मालकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, दोन चहा मागवले आणि त्याच्याचसमोर स्टूल ओढून बसले. चहा कढत होता, पण मालक बघत होते, म्हणून त्याने लगेच ओठांना लावला.