दुसरा वाडगा

वाडग्याचं बूड पाव इंच जाड राहायला हवं होतं. व्हर्नाने तो खिडकीकडे धरला, तर बुडाच्या मधोमध नाण्याएवढा भाग नारिंगी दिसला. लाकडातून उजेड येत होता, म्हणजे तिथे जेमतेम नखाएवढी जाडी उरली होती. त्या ठिपक्याच्या कडेने केसासारखी एक चीर गेली होती. तिने अंगठ्याने हलकेच दाबलं आणि चीर उघडली.

"काय झालं?" आल्डनने विचारलं.

तो लाकूड कातायच्या लेथपाशीच उभा होता, गोल पटाशी हातात, मान एका बाजूला वळवून. सरळ बघून त्याला काही दिसत नसे. नजरेच्या मध्यावर एक राखाडी डाग बसला होता आणि तो पसरत होता. कडेकडेचं सगळं दिसे, खिडकी, शेगडी, बायकोचा, व्हर्नाचा, निळा स्वेटर. पटाशीची धार जिथे लाकडाला लागते, नेमकं तेवढंच दिसत नसे.

"गाठ निघाली," व्हर्ना म्हणाली. "तिथेच तडकलं."

बाहेर मेपलच्या झाडांना पाकासाठी टांगलेल्या पत्र्याच्या बादल्यांत रस ठिबकत होता. बर्फ वितळून रस्त्याचा नुसता चिखल झाला होता. असल्या दिवसांत डोंगराच्या या बाजूला कोणी कामाशिवाय येत नसे.

या खोऱ्यात बाईला दिवस गेले की आल्डन प्राउटीकडे निरोप येई. तो ओल्या मेपलचे दोन जाड वाडगे ओबडधोबड कातून ठेवी आणि ढलप्यांसकट कागदी पिशवीत भरून माळ्यावर टाकी. पोटात मूल वाढे, माळ्यावर लाकूड वाळे. वाळताना ते आक्रसून लांबट होई, म्हणून मूल जन्मल्यावर पुन्हा लेथवर चढवून गोल करायचं. बाप्तिस्म्याच्या दिवशी प्रार्थनेनंतर तो वाडगा आईच्या हातात द्यायचा, आणि बाळाची पहिली पेज त्यातूनच. दोन अशासाठी, की वाळताना एखादा तडकतोच.

टटलांच्या तान्ह्या मुलीचा बाप्तिस्मा रविवारी होता.

व्हर्ना कातकाम शिकली ती मागच्या वर्षीच्या हिवाळ्यात. जाड कातणी तू कर, माझी पाठ दुखते, असं तो म्हणाला होता. पाठीचं दोघांनीही खरं मानलं. शेवटची कातणी मात्र त्याने स्वतःकडेच ठेवली होती. तो शेगडीजवळच्या स्टुलावर बसून नुसत्या आवाजावरून शिकवी.

"पटाशी आहे ती, बीन्स ढवळायचा डाव नाही. तिची पाठ आधी टेकव, धार मग. कुणाच्या घरात शिरताना दार वाजवतो की नाही आपण?"

"तू कधी वाजवलंस?"

"म्हणून तर तुझ्या बापाने मला पायरीवरून ढकललं होतं."

तिचे पहिले वाडगे बुडातून आरपार गेले. आल्डन त्यांत बोट घालून म्हणे, वा, नाताळात सरबत गाळायची सोय झाली. मग हळूहळू तिलाही ऐकू येऊ लागलं. जाड लाकूड भरीव वाजतं, पातळ व्हायला लागलं की आवाज चढतो, आणि तो चढला की थांबायचं. आल्डनला हे तिच्याहून चांगलं ऐकू यायचं. पण बुडाच्या अगदी मध्याशी आवाज फारसा बदलत नाही. तिथे बघावंच लागतं.

शरदात आल्डनच्या हातून हॅचांचा वाडगा असाच गेला, आणि थंडीत लिबींचा. दोन्ही वेळा व्हर्ना म्हणाली, लाकूड तडकलं. दोन्ही वेळा आल्डन जेवून आडवा झाल्यावर तिने दुसरा वाडगा चढवला आणि तो उठायच्या आत पुरा करून तेल लावून ठेवला. फारसं काम नव्हतं, उरकून टाकलं, असं ती सांगे. बाप्तिस्म्यानंतर चर्चच्या तळघरात कॉफी घेताना लोकांनी आल्डनचा हात हातात घेऊन कौतुक केलं. तो म्हणाला, "लाकूड चांगलं होतं." व्हर्ना कॉफीचे कप गोळा करत राहिली.

जे बोलायचं होतं ते डोळ्यांच्या डॉक्टरांकडून परतताना गाडीतच तिच्या मनात तयार झालं होतं. भांडी घासताना ती ते रोज जुळवून बघे. रोज ते बरोबर असे, आणि रोज ती ते गिळून टाके.

"दुसरा लाव," आल्डन म्हणाला.

"आधी जेवून घे. बीन्स तयार आहेत."

"आणि मी डुलकी काढली की?"

व्हर्नाने वाडगा बाकावर ठेवला. तो चाचपत पुढे आला, मोकळ्या हाताने वाडगा उचलला आणि अंगठा आत फिरवत बुडापर्यंत नेला. चिरेपाशी अंगठा थांबला.

"गाठ म्हणालीस."

"हो."

"ही फांदी मी तोडली, व्हर्ना, गोठ्यामागच्या झाडाची. बुडख्यापासून शेंड्यापर्यंत हात फिरवून बघितली होती. तिच्यात गाठ नव्हती." त्याने वाडगा परत ठेवला, अगदी हळू, जणू अजून मोडायचं काही बाकी होतं. "लिबींच्या वाडग्याचा काठ मी त्या दिवशी चर्चमध्ये चाचपला. आतून गोल केला होतास. मी सपाट ठेवतो."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो होतो." तो शेगडीकडे तोंड करून उभा राहिला. तसं उभं राहिलं की ती त्याला नजरेच्या कडेला दिसे. "गाठ नव्हती. मग काय होतं?"

रस ठिबकत होता. व्हर्नाने माळ्यावरून आणलेल्या पिशवीतून दुसरा वाडगा काढला आणि त्याला चिकटलेल्या ढलप्या झटकल्या. मग तिने पटाशीसाठी हात पुढे केला. आल्डनने मूठ सैल केली नाही. तिने हात तसाच धरून ठेवला.

"तुला दिसत नाही, आल्डन," ती म्हणाली. "हा मी कातणार आहे, तुझ्यासमोर. यापुढचे सगळेही मीच. तू आता लेथला उभं राहायचं नाहीस."